कुंभार्ली घाटात गाडी हीट मारते, सपाटीला ॲव्हरेज देत नाही: जुन्या पेट्रोल गाडीचा चार वर्षांचा त्रास कसा सुटला

गाडी २००८ ची, ११०० सीसीची चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक. १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेत. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतली. त्यामुळे ती विकायचा विचार घरात कुणाच्याच मनात नाही. आम्ही कराडला राहतो, गाव गुहागरकडे. म्हणजे मे महिना आणि गणपती, वर्षातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला.

त्रास असा होता. जाताना घाट उतरताना काही नाही. परत येताना चिपळूण, अलोरे, पोफळी ओलांडून चढ लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर काटा अर्ध्याच्या वर सरकायचा. पुढे एसटी किंवा ट्रक असला तर लाल खुणेपर्यंत. एसी बंद केला की जरा खाली यायचा. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी ओढायची नाही, पाय पूर्ण दाबला तरी नुसता आवाज. दर महिन्याला कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत अर्धा लिटर पाणी लागायचं, आणि खाली जमिनीवर मात्र एक थेंब दिसायचा नाही. ॲव्हरेज १६ वरून १२ वर आलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी चार वर्षं लक्षच दिलं नाही. कराड-सातारा हायवेला सकाळच्या थंडीत काटा पाव भागाच्याही खाली असायचा आणि हीटर कोमट. गाडी थंड चालते म्हणजे चांगलंच, असं मला वाटायचं. सगळ्या दुखण्याची किल्ली तिथेच होती.

या चार वर्षांत तीन गॅरेज झाली. पहिल्याने पाणी भरून दिलं. दुसऱ्याने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) काढून टाकला, "आपल्याकडे याची गरज नाही" म्हणून. तिसऱ्याने रेडिएटरचा पंखा थेट इग्निशनला जोडला, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. आणि तरीही घाटात काटा चढला तेव्हा तिथेच मला सांगण्यात आलं की इंजिनचं काम निघालंय, खोलावं लागेल. तो आकडा ऐकून मी आठवडाभर अस्वस्थ होतो. मग ठरवलं, इंजिन खोलायच्या आधी ते खरंच थकलंय का हे तपासायचं.

इंजिन खोलायच्या आधी दोन तपासण्या

पहिली कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची. गेज कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतो. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. माझ्याकडे चारही सिलिंडर ११ किलोच्या आसपास आले, आणि एकमेकांतला फरक अर्ध्या किलोपेक्षा कमी. आकड्यापेक्षा हा फरक महत्त्वाचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप खाली असता तर वॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅसकेटकडे बोट गेलं असतं. चारही सारखे आणि चांगले आले, म्हणजे या इंजिनात अजून जीव होता.

दुसरी हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, पाणी तोंडाशी आणायचं आणि इंजिन चालू करून बघत राहायचं. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस केल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. अशा वेळी पुढचं काही करत बसू नका, हेडचं काम आधी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलईसारखं काही दिसलं तर तेही बघा. मात्र रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेमुळेही थोडी मलई जमते, तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं दिसत असेल, तर मात्र घाबरा.

माझी गाडी दोन्हींत पास झाली.

प्लगने दिलेली साक्ष

कॉम्प्रेशनसाठी प्लग काढले तेव्हा चारही काळे निघाले. ऑइलने ओले नव्हते, कोरड्या काजळीने भरलेले होते. निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं. काजळी म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. गेल्या चार वर्षांत इंजेक्टर, सेन्सर कशालाच हात लागला नव्हता. मग जास्त पेट्रोल का?

कारण इंजिन तापतच नव्हतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो. तोवर तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढून टाकला आणि वर पंखाही कायम चालू ठेवला, तर सपाटीवर, वाऱ्यात, इंजिन कायम अर्धवट थंड राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं की अजून सकाळच आहे, म्हणून तो थंड इंजिनाला द्यायचं तेवढं पेट्रोल देत राहतो. ॲव्हरेज जातं, प्लग काळे होतात, पिकअप मरतो. थंड इंजिनात ऑइलमध्ये उतरलेली ओल आणि पेट्रोल उडून जात नाही, त्याचा चिखल होतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट उघडीच राहते आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच परत फिरतो. म्हणजे ज्यासाठी तो काढला, तेच उलट होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही थर्मोस्टॅट लागतो, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. मेकॅनिकने काढायला सांगितलं तर नवा बसवायला सांगा. गॅसकेटसकट काही शे रुपयांचं काम आहे.

पण मग घाटात गरम का व्हायची? सपाटीला गार आणि चढावर गरम, हे दोन्ही एकाच गाडीत असेल तर पाण्याच्या वाटेत अडथळा आहे. एक ठोकताळा लक्षात ठेवा. सिग्नलला उभी असताना गरम होते आणि हायवेला ठीक असते, तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. उलट रहदारीत ठीक पण लांब चढाला किंवा वेगात गरम होते, तर रेडिएटर बुजलाय. बॉनेटखालचं इंजिन तापलेलं पण हीटरची हवा मध्येच गार येते, तर पाणी कमी आहे किंवा हवा अडकलीय. केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाखालची मॅट ओली असेल, तर हीटरची कॉइल गळतेय.

बोअरचं पाणी

रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारली आणि कारण समोर दिसलं. नळ्यांच्या तोंडांवर पांढरट-तपकिरी थर. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा चुना. आमच्याकडे बोअरचं पाणी, आणि चार वर्षं दर महिन्याला मी तेच बाटलीत ओतत होतो. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम घट्ट होऊन बसतो, तोही सगळ्यात अरुंद जागी. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं. सपाटीला इंजिन कमी उष्णता टाकतं, तेवढी अर्धा रेडिएटरही झेलतो. घाटात उष्णता वाढते, वेग कमी होतो, वर एसी, आणि तिथे तो पुरा पडत नाही.

एक दिवस पूर्ण सुट्टीचा काढून मी हे काम घरीच केलं. गाडी रात्रभर थंड. रेडिएटरच्या तळाचं बूच उघडून जुनं पाणी टबात घेतलं. ते लालसर गढूळ होतं. ते जमिनीवर किंवा गटारात सोडू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. घरात लहान मूल असेल तर टब क्षणभरही उघडा ठेवू नका.

मग डिस्टिल्ड पाणी आणि रेडिएटर फ्लशचा (आतली घाण सोडवणाऱ्या द्रवाचा) डबा. हीटरचं बटण पूर्ण गरमकडे ठेवायचं, नाहीतर हीटरच्या कॉइलमधली घाण तशीच राहते. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवलं (त्याआधी पंख्याची वायर मूळ जागी जोडून घेतली होती). थंड होऊ दिलं, सोडलं, पुन्हा साधं डिस्टिल्ड पाणी. चौथ्या फेरीला पाणी स्वच्छ आलं. घाई केली तर इथेच फसतं, कारण प्रत्येक फेरीनंतर इंजिन थंड व्हायला दीड-दोन तास द्यावेच लागतात.

एवढं करूनही काही नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत. रेडिएटर काढून दुकानात दाखवला. जुने पितळ-तांब्याचे रेडिएटर टाक्या उघडून सळईने साफ करून मिळतात; माझा ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा, त्यावर ते काम नीट होत नाही. नवा घेतला. या सगळ्या उपद्व्यापात मोठा खर्च तेवढाच.

रेडिएटर बाहेर आला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत उसाचं पाचट, किडे आणि धूळ यांची जणू गोधडी झाली होती. कराड भागात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे फिरणाऱ्या प्रत्येक गाडीत ती असणार. पुढून बघितलं तर काहीच कळत नाही. साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून धुवा. प्रेशर वॉशरने पातळ फिन वाकतात.

कूलंट भरताना

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरीच तपासला: दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला, पाणी तापवलं, शेजारी थर्मामीटर. ८२ च्या आसपास उघडायला लागला. त्याच्या चकतीवर घुंगरासारखी एक बारीक पिन असते, ती वरच्या अंगाला यायला हवी, अडकलेली हवा तिथून सुटते.

फ्लश केल्यावर इंजिनच्या पोटात एक-दीड लिटर पाणी राहतंच. त्यामुळे बाहेर अर्धं-अर्धं मिश्रण करून ओतलं तर आत ते पातळ होतं. माझ्या गाडीची एकूण क्षमता सुमारे ४ लिटर. म्हणून आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओतलं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. तयार मिश्रणाचा डबा अशा वेळी घेऊ नका. कूलंट हिरवं की लाल यावर जाऊ नका, रंगाचा काही सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तकात कोणत्या प्रकारचं सांगितलंय ते बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. जुन्या पद्धतीचं साधारण दोन वर्षं टिकतं, नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं पाच वर्षांपर्यंत.

हवा काढायला गाडीचं तोंड जरा चढावर ठेवलं, झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन चालू. पातळी खाली जाईल तसं भरत राहायचं, बुडबुडे थांबले की झाकण लावायचं.

आणि ते झाकण! खाली एक थेंब न पडता दर महिन्याला अर्धा लिटर पाणी जात होतं, त्याचं उत्तर तिथे सापडलं. झाकणावर ०.९ असं काही छापलेलं असतं, तो दाब. या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. कूलंटसह ते सव्वाशेच्या आसपास जातं. माझ्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. दाब धरत नव्हतं, म्हणून पाणी लवकर उकळून बाटलीत यायचं आणि तिथून वाफेने उडायचं. गाडी थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसत असेल, तर झाकणाचा आत ओढून घेणारा वॉल्व्ह अडकलाय. दोन्हींवर उपाय एकच, त्याच दाबाचं नवं झाकण. जास्त दाबाचं लावून फायदा होत नाही, जुने पाइप फुटतात. मी वरचा-खालचा पाइप आणि क्लिपाही बदलल्या. दाबून बघितले तर पाव भिजल्यासारखे मऊ लागत होते.

पिकअपसाठी बाकीचं

प्लग नवे बसवले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने गवत आणि कागद आणून ठेवले होते, आणि पुढच्या पाइपला चीर होती. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. आतून बाहेर हवा मारून साफ करता येतो, पण काळा पडला की बदलणंच बरं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) स्प्रेने आणि मऊ कापडाने पुसली, त्यानंतर सिग्नलला होणारी थरथर थांबली.

दोन गोष्टी इंजिनच्या नसूनही त्यालाच दोष मिळतो. एक, चिकटलेले ब्रेक. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाच्या जोरावर सहज ढकलली जायला हवी. माझं पुढचं डावं चाक दहा किलोमीटरनंतर हात लावू नये इतकं तापायचं. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं. दुसरी, क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. त्यावर कोणतंही ऑइल किंवा ॲडिटिव्ह चालत नाही.

पेट्रोलबद्दलही बोलायला हवं. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ॲव्हरेजमधली थोडी घट गाडीची नसते. मात्र जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर थांबू नका, तिथे आगीचा प्रश्न आहे.

ऑइल, ब्रेक, गिअर

इंजिन ऑइल मी किलोमीटर मोजून बदलायचो. वर्षाला ४ हजारच होतात, म्हणून ते अडीच वर्षं तसंच राहिलं. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा बदला, किलोमीटर काहीही झालेले असोत. ग्रेड पुस्तकातली. धूर नसताना, ऑइल पीत नसताना "जुनी झालीय, जाड टाका" हा सल्ला मी ऐकत नाही. जाड ऑइलने पिकअप आणखी जड होतो. इंजिन फ्लशही (आतला चिखल सोडवायला ऑइलमध्ये टाकतात ते द्रव) टाळला. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात सुटलेला चिखल ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. त्यापेक्षा मी नवं ऑइल २ हजार किलोमीटरलाच फिल्टरसकट पुन्हा बदललं.

ब्रेक ऑइलबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. ते हवेतली ओल शोषतं. डीओटी ३ या ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना उकळायला किमान २०५ अंश लागतात, ओल मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. कोकणातल्या हवेत राहणारी, घाट उतरणारी गाडी, आणि सात वर्षांचं ब्रेक ऑइल: पेडल अचानक खाली जायला एवढं पुरेसं आहे. दर दोन वर्षांनी चारही चाकांतून काढून बदला. बाटलीत वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. आणि पातळी खाली गेली असेल तर आधी ब्रेक पॅड बघा, बहुतेकदा ते झिजलेले असतात.

गिअर ऑइल घेताना डब्यावर ग्रेड जीएल-४ की जीएल-५ ते वाचा. पुस्तकात जीएल-४ लिहिलेलं असताना जीएल-५ टाकलं, तर गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. बदलल्यावर सकाळचा पहिला गिअर, जो दोनदा क्लच दाबून घालावा लागायचा, तो सहज पडायला लागला.

घाटात काटा चढलाच तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, चार-पाच मिनिटं मदत करतो. जागा मिळताच बाजूला घ्या. काटा लाल खुणेत असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडू नका. उघडताना जाड कापड आणि आधी फक्त पहिल्या खाचेपर्यंत. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. थंड झाल्यावर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं भरा. तेव्हा मात्र जे मिळेल ते पाणी चालेल. घरी पोचल्यावर ते काढून टाका.

हे काम मार्चमध्ये केलं. मेमध्ये चार माणसं, सामान, आंब्याच्या दोन पेट्या आणि एसी चालू ठेवून कुंभार्ली चढलो. पोफळीपासून पुढे लाल एसटी होती, ओव्हरटेक करता आलं नाही, म्हणजे परीक्षा पुरेपूर झाली. काटा अर्ध्याच्या किंचित खाली राहिला, एकदाही हलला नाही. ॲव्हरेज सध्या १५ च्या पुढेमागे आहे. बाटलीतली पातळी दोन महिन्यांत दोन खुणांच्या मधेच आहे. तरी मी दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बघतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवतो. डिकीत डिस्टिल्ड पाण्याचा ५ लिटरचा कॅन असतो. उजव्या ॲक्सलच्या सीलमधून गिअर ऑइल अजून किंचित झिरपतंय, ते गणपतीच्या आधी करून घेणार आहे.